रताळ्याचा अर्धा काप

१

तोबुसा डोंगराच्या पायथ्याशी, बस वळते तिथे, एका खांबावर लाकडी पेटी ठोकलेली आहे. डोंगर चढणाऱ्यानं आत ठेवलेला फॉर्म भरून त्याच पेटीत टाकायचा. नाव, गाव, वाट कुठली, परत कधी आणि माणसं किती. कोणी उतरून आलं नाही तर किती जणांना शोधायचं हे त्यावरून ठरतं. किनुएनं चाळीस वर्षांत हा फॉर्म इतक्यांदा भरला होता, की आता तो वाचायचीही गरज उरली नव्हती. त्या दिवशीही हात रकाने भरत होता आणि डोळे कुत्र्यावर होते.

गोमा बाकाखाली बसून पाऊस बघत होता. वय तेरा. रंग तांबूस आणि पाठीवर तीळ सांडावेत तसे काळे केस, म्हणून नाव गोमा, म्हणजे तीळच. जूनचा चिवट पाऊस तीन दिवस लागला होता आणि अजून तीन आठवडे हलणार नव्हता. शहाण्या माणसानं अशा दिवसांत डोंगर चढू नये. पण घर या महिन्याच्या अखेरीला बंद व्हायचं होतं, तेव्हा किनुएला पाऊस थांबायची वाट बघणं परवडणारं नव्हतं.

मुलगा हिदेआकी तिला चिबा शहरात आपल्याकडे घेऊन जाणार होता, अकराव्या मजल्यावर.

"आई, कुत्रं नाही गं चालत इथं. बिल्डिंगचा नियम आहे," त्यानं फोनवर सांगितलं होतं.

"मग मी चालते का, तेही विचारून ठेव."

"आई, अगं..."

"बरं, बरं. तोमोएला विचारते. ती ठेवून घेईल."

तोमोए डोंगरावरची धर्मशाळा चालवायची. गोमावर तिचा जीव होता. सगळं दोन फोनांत ठरलं. पाठपिशवीत किनुएनं गोमाचं खाणं, वाटी आणि जुनी गोधडी भरली. आपण इतक्या चटकन तयार झालो याचं तिला वाईट वाटत होतं. पण मनाच्या तळाशी सुटल्यासारखंही वाटत होतं आणि त्याची तिला लाज वाटायची.

खरं सांगायचं तर तीन वर्षं ती त्या कुत्र्याला जेवू घालत होती, फिरवत होती, आजारपणात रात्ररात्र जागली होती. पण तिनं त्याला माफ केलेलं नव्हतं.

२

पूर्वी ते तिघं चालायचे तेव्हाची रीत ठरलेली होती. पुढे किनुए, कारण ती भरभर चालायची. शेवटी तिचा नवरा इसामु. त्याला वाटेतलं प्रत्येक शेवाळ आणि प्रत्येक अळंबी वाकून बघायची असायची. गोमा या दोघांच्या मध्ये. मध्ये म्हणजे काय, धावत मागे जायचा, इसामु आहे याची खात्री करायचा, धावत पुढे यायचा, किनुए आहे याची खात्री करायचा. ते दोघं जेवढं चालत त्याच्या तिप्पट तो चालायचा.

इसामुच्या खिशात रताळ्याचे वाळवलेले काप असत. अर्धा काप तो स्वतः दातांनी तोडून खायचा, उरलेला गोमाच्या तोंडात द्यायचा आणि ढुंगणावर एक चापट मारून म्हणायचा, "जा, आईकडे जा." कुत्रा तो काप न गिळता, जबडा घट्ट मिटून, पुढे किनुएपर्यंत आणायचा आणि तिच्या बुटावर ठेवायचा.

"ईऽऽ! कुत्र्याची लाळ लागलेलं मी खाणार?" ती ओरडायची.

"माझी पण आहे त्यात!" मागून इसामु हसत ओरडायचा.

किनुएनं तो काप कधीच खाल्ला नाही. ती तो गोमालाच देऊन टाकायची. गोमाला हे माहीत असल्यामुळेच तो इतक्या इमानदारीनं आणत असावा, असं इसामुचं म्हणणं.

तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत ते उतरत होते. बस चुकली तर तीन तास बसावं लागणार होतं आणि इसामुला अळंबी दिसली होती. किनुए चिडून पुढे निघाली. ओंडक्यांचा पूल ओलांडून बरीच खाली आल्यावर गोमा अर्धा काप घेऊन आला. तिनं तो काप उचलला आणि नेच्याच्या झुडपात भिरकावून दिला. "जा, सांग त्यांना, आधी पाय उचला म्हणावं!"

गोमा गेला नाही. तिनं ढकललं तरी गेला नाही. तिच्या टाचेला चिकटून थेट बसथांब्यापर्यंत आला. एक बस गेली, दुसरी गेली. अकरा दिवस शोध चालला. पुलाजवळ फक्त इसामुची काठी सापडली.

'कुत्रा परत गेला असता, भुंकला असता, मला ओढत नेलं असतं, तर वेळेवर पोचले असते,' हे किनुएनं सगळ्यांना सांगितलं. फेकून दिलेल्या कापाचं कोणालाच सांगितलं नाही.

३

आजही पुलापर्यंत गोमा तिच्या टाचेला चिकटूनच चालला. तीन वर्षांत त्याची तीच सवय झाली होती. पुलाखाली पाणी गढूळ होऊन घोंघावत होतं. किनुए कठड्याची दोरी धरून, खाली न बघता पार झाली. पलीकडे पोचल्यावर ती दम खायला थांबली, तर गोमा शेजारी नव्हता.

तो वीस पावलं मागे, वाटेच्या कडेला उभा होता. शेपूट हलत होतं. मग तो धावत तिच्याकडे आला, तिच्या पायाला नाक लावलं आणि पुन्हा मागे गेला.

"अरे, पुढे चल की! मागे कोण आहे तुझं?"

ती चढू लागली. गोमा मागे जायचा, धुक्यात दिसेनासा व्हायचा, मिनिटभरानं धापा टाकत परत यायचा. पुन्हा जायचा. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हातारी कुत्री जुन्या सवयी उगाळत बसतात, त्यांना काळाचं भान राहत नाही. किनुएला ते आठवलं आणि गोमाची दया आली. बिचारा, ज्याला बघायला जातोय तो नाहीच हे त्याला कळत नाही, असं तिला वाटलं.

सहाव्या का सातव्या फेरीला गोमा परत आला तेव्हा तो काहीतरी चघळत होता.

"काय खाल्लंस? थू! सोड!" डोंगरात काय विषारी असेल सांगता येत नाही. तिनं वाकून त्याचा जबडा उघडला. आत काही नव्हतं, गिळून झालं होतं. पण वास आला. गोड, मातकट, उन्हात वाळलेल्या रताळ्याचा.

किनुए तशीच वाकलेली राहिली. पाऊस तिच्या टोपीवरून गोमाच्या नाकावर टपटपत होता.

कोणीतरी टाकलं असेल, तिनं स्वतःला समजावलं. येणारे-जाणारे खातात, सांडतात. मात्र सकाळपासून तिला या वाटेवर एकही माणूस भेटलं नव्हतं आणि तीन दिवसांच्या पावसात पडलेल्या कापाला असा उन्हाचा वास राहत नाही. हे तिला कळत होतं. तरी तिनं पाऊल उचललं, कारण उभं राहून मागे वळून बघण्यापेक्षा चालणं सोपं होतं.

थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की आपण सावकाश चालतोय. नेहमीपेक्षा पुष्कळच सावकाश. मागच्याला गाठता यावं इतपत.

४

"अगं बाई, किती भिजलात! या, या आत. गोमा! माझा राजा तो!"

तोमोए पन्नाशीची, आवाज असा की धुक्यातही अर्धा मैल ऐकू जावा. तिनं किनुएची पिशवी उतरवून घेतली आणि तिच्या खांद्यावरून बाहेर बघितलं.

"आणि ते?"

"ते कोण?"

"दुसरे. खालच्या माणसानं चारला पेटी उघडून वायरलेसवर सांगितलं ना. किनुए-सान, दोन माणसं, एक कुत्रा. मी म्हटलं हिदेआकीला आणलंय वाटतं. भात दोघांचा टाकलाय मी."

किनुए उंबऱ्यावर बसून बुटाची नाडी सोडत होती. तिची बोटं थांबली.

"हात गं माझा मेला," ती म्हणाली. "सवयीनं दोन लिहिलं."

तोमोएनं तिची ओली टोपी झटकली. मग म्हणाली, "होतं असं. माझी आई पाच वर्षं वडिलांचा चहा ओतायची."

"मग?"

"मग काय, मी प्यायचे. रोज दोन-दोन कप. झोप यायची नाही."

दोघी हसल्या. किनुएला बरं वाटलं. आंबट आलुबुखाऱ्याचं लोणचं, गरम भात, मिसोचं सार. तोमोए पाटावरून दुसरी वाटी उचलायला गेली आणि थांबली.

"पण मग मघाशी काठी कोणी टेकवली?"

"कुठली काठी?"

"दाराशी. तुम्ही आत आलात ना, तेव्हा मागोमाग टक्क वाजलं. लोखंडी टोकाची काठी भिंतीला टेकवावी तसं. मला वाटलं, मागचे आले."

किनुएकडे काठी नव्हतीच. लोखंडी टोकाची काठी इसामुची होती आणि ती घरी, छत्र्यांच्या डब्यात होती. किनुएनं स्वतः धुऊन ठेवली होती. तेव्हा हे शक्यच नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं आणि भाताचा घास घेतला. घास बराच वेळ तोंडात फिरत राहिला.

तोमोएनं दुसरी वाटी उचलली नाही.

उजेड अजून होता. किनुए कपडे वाळवायच्या खोलीत गेली. शेगडी पेटलेली, भिंतीवर ओळीनं खुंट्या. एका खुंटीवर तिचा रेनकोट, त्याखाली फरशीवर पाण्याचं थारोळं. शेजारची खुंटी रिकामी. तिच्याखालीही पाण्याचं थारोळं.

"तोमोए-सान, छप्पर गळतंय का गं?"

"छी! गेल्याच वर्षी नवीन घातलंय."

किनुएनं वर बघितलं. छत कोरडं होतं. थारोळ्यात एक थेंब पडला, टप्प. मग दुसरा. खुंटीला बोट लावून बघायची तिची छाती झाली नाही. पण तिथून पळावंसंही वाटलं नाही. तिनं शेगडी ओढून त्या रिकाम्या खुंटीच्या थोडी जवळ सरकवली आणि बाहेर आली.

गोमा आत आला नव्हता. तो बुटांच्या ओळीपाशी, दाराकडे पाठ करून, पाय पसरून झोपला होता. तीन वर्षं तो दाराकडे तोंड करूनच झोपत आला होता. घरातले सगळे आत आले की कुत्री कशी निवांत झोपतात, तसा तो घोरत होता.

५

सकाळी तोमोएनं गोमाला ओसरीच्या खांबाला बांधलं. गाठ मारायचं काम ती स्वतः करते, गाढवही सुटणार नाही अशी गाठ असते तिची.

"दोन दिवस रडेल, मग विसरेल," ती म्हणाली. "तुम्ही वळून बघू नका म्हणजे झालं."

किनुए खाली बसली. गोमाच्या कानामागे खाजवलं. "तुझं इथं बरं होईल. तुला हवं ते सगळं इथंच आहे." तिला आणखी बोलायचं होतं. तू का परत गेला नाहीस, हे तीन वर्षांत रोज मनात विचारलं होतं, एकदा तोंडानं विचारायचं होतं. पण तोमोए उभी होती. गोमाही तिच्याकडे बघत नव्हता. तो तिच्या खांद्यामागे, जरा उंचावर, माणसाचा चेहरा असतो तिथे बघत होता.

ती निघाली. रिकामी पिशवी पाठीवर लडबडत होती. पाऊस बारीक झाला होता, धुकं मात्र तसंच. वाटेवर तिच्या पावलांचा आवाज आणि पानांवरून गळणारं पाणी. मागून आणखी एक आवाज येत होता, दगडावर टक्क, मग पुष्कळ वेळ काही नाही, मग टक्क. कोणीतरी वाकून शेवाळ बघावं एवढा वेळ मध्ये जायचा. किनुए थांबली की तोही थांबायचा.

"मी नाही हं चिडणार आज," ती पुढे बघतच म्हणाली. "बस गेली तर जाऊ दे."

हे आपण मोठ्यानं बोललो याचं तिला नवल वाटलं. भीती होतीच. पण चाळीस वर्षं ज्याच्यापुढे चाललो त्याच्यापुढे चालायला पायांना काही शिकवावं लागत नव्हतं.

पूल आला. ती दोरी धरून पार झाली आणि पलीकडे पोचल्यावर मात्र राहवलं नाही. तिनं वळून बघितलं.

पुलाच्या त्या टोकाला गोमा बसला होता. गळ्यात दोरी लोंबत होती. ती चावून तोडलेली नव्हती, गाठ नीट सोडवलेली होती. जबडा घट्ट मिटलेला. तो एकदा तिच्याकडे बघायचा, एकदा मागे, धुक्याकडे. उठायचा, पुन्हा बसायचा. त्याला यायचं नव्हतं. त्याला तिथेच राहायचं होतं हे इतकं उघड दिसत होतं, की किनुएला हुंदका आला.

मग गोमाच्या ढुंगणावरून पाण्याचे तुषार उडाले. ओल्या केसांवर कोणी चापट मारावी तसे. ओले केस तेवढ्याच जागी चपटे झाले आणि गोमा नाइलाजानं उठला, कान पाडून, पूल ओलांडून तिच्याकडे चालत आला.

किनुए मटकन खाली बसली. तो परत गेला नाही म्हणून तीन वर्षं तिनं त्याला दोष दिला होता. तो गेला नव्हता, कारण त्याला तसं सांगितलंच होतं. जा, आईकडे जा. सांगणाऱ्यानं तेव्हा, पुलापाशी पडल्यावरही, उरलेला अर्धा काप दिला होता.

"चुकलं रे माझं," तिनं त्याच्या ओल्या मानेत तोंड खुपसलं. "गोमा, फार चुकलं."

गोमा पूल ओलांडून केव्हाच तिच्या कुशीत आला होता. तरी पुलाचा पलीकडचा ओंडका दबला आणि करकरला. मग त्याच्या अलीकडचा.

ती उठली आणि बघायला थांबली नाही. कुत्र्याला बरोबर घेऊन, सावकाश, पुढे चालू लागली.

६

बसथांब्यावर बस उभी होती. अशा पावसात चालक पाच-दहा मिनिटं जास्त थांबतात, डोंगरावरून कोणी धावत येत असेल म्हणून.

किनुएनं पेटीतून उतरल्याचा फॉर्म काढला. नाव, तारीख, किती जण उतरले. यावेळी तिनं रकाना वाचला आणि पेन्सिल धरून उभी राहिली.

बुटावर काहीतरी हलकंसं पडलं. गोमानं काप ठेवला होता. पुलापासून तासभर त्यानं तो न गिळता आणला होता. रताळ्याचा अर्धा काप, लाळेनं ओला, एका बाजूनं दातांनी तोडलेला. तोडलेल्या कडेला मधोमध जिभेसारखं एक बारीक टोक राहिलं होतं. इसामुचा पुढचा दात तरुणपणी बाटलीचं झाकण उघडताना टवका उडून तुटला होता. त्याच्या प्रत्येक घासाला ते टोक राहायचं.

गोमा शेपूट हलवत वाट बघत होता. आता आपल्याला मिळणार, हे त्याला माहीत होतं.

किनुएनं काप उचलला. मधोमध तोडला, एक तुकडा गोमाला दिला आणि दुसरा आपल्या तोंडात टाकला. गोड होता. आतून कोमट होता. तिनं तो नीट चावून खाल्ला.

मग तिनं रकान्यात लिहिलं: दोन माणसं, एक कुत्रा.

"आजी, कुत्रं पिशवीत घाला, म्हणजे चालेल," चालक दारातून म्हणाला. रिकाम्या पिशवीत गोमा बरोबर मावला, डोकं तेवढं बाहेर. आपण ही पिशवी रिकामी नेणारच नव्हतो, असं किनुएला वाटलं. घरी गेल्यावर हिदेआकीला फोन करायचा, मी येत नाही म्हणून सांगायचं. तो चिडेल. दोन दिवस चिडेल. दाराची कडी रात्रीही काढूनच ठेवायला हवी आणि काठी छत्र्यांच्या डब्यातून काढून बाहेर, हाताशी.

ती पायरी चढली. चालकानं दार लावायला हात पुढे केला आणि तसाच ठेवला. तो तिच्या मागे, वाटेच्या तोंडाकडे बघत होता.

"थांबू का त्यांच्यासाठी?" त्यानं विचारलं. "येतायत वाटतं."

पिशवीत गोमाचं शेपूट तिच्या पाठीवर थाडथाड आपटायला लागलं. किनुएनं वळून बघितलं नाही. जिभेवर अजून रताळ्याची चव होती.

"नको, चला तुम्ही," ती म्हणाली. "ते सावकाशच येतात. घर माहीत आहे त्यांना."